घासलेल्या गुंड्या

"चार दशांश," थाबांग म्हणाला, तेव्हा मी परांचीच्या फळीवर गुडघे टेकून बसले होते आणि मनात वेगळंच चाललं होतं. बाहीला टाचलेल्या काळ्या कापडाची पिन सकाळपासून दंडाला टोचत होती. बाबांना जाऊन सात आठवडे झाले होते, म्हणजे वर्ष भरायला अजून पंचेचाळीस आठवडे टोचून घ्यायचं होतं. "कशाचे चार?" मी विचारलं. "वाढीचे, सिसी. मिलिमीटरचे चार दशांश. मागच्या शटडाऊनपासून." त्याच्याकडे ताईला सिसी म्हणतात. त्याने मोठा मायक्रोमीटर पाइपावरून सोडवला. तो घोड्याच्या नालेसारखा आणि एवढा जड आहे की दोन्ही हातांनी उचलावा लागतो. थाबांगने तो मांडीवर घेतला आणि माझ्याकडे पाहत राहिला. "तुझ्या बाबांच्या वहीत सोळा वर्षं अर्धा दशांश. प्रत्येक शटडाऊनला अर्धा, कधी त्याहून कमी. मी पहिल्यांदा हात लावला तर चार! पोटुशी आहे का ही बया? का मला बघून फुगली?" मी म्हटलं, "पुन्हा घे." त्याने पुन्हा घेतलं. मग मी घेतलं. पाइप तीन आठवडे थंड पडलेला होता, थर्मामीटर अठरा अंश दाखवत होता, मायक्रोमीटर त्याच सकाळी तपासून आणलेला होता. चार दशांश. थाबांग फळीवर मागे टेकला आणि म्हणाला, "माझी आई म्हणते, मेलेल्या माणसाची खुर्ची लगेच घेऊ नये. ऐकायला हवं होतं."

मी हसले असेन. मला आठवतं ते एवढंच की पाइपावरच्या त्या दोन गुंड्यांपैकी माझ्या बाजूची गुंडी मी अंगठ्याने चाचपली आणि अंगठा घसरला. आमच्या वीजकेंद्राच्या पस्तीस सेंटिमीटर व्यासाच्या या पाइपातून पाचशे चाळीस अंशांची वाफ बेचाळीस वर्षं जाते आहे. एवढ्या उष्णतेत पोलाद वितळत नाही, लालही होत नाही, आणि वाफेचा दाब त्याला एका झटक्यात फोडू शकेल एवढा कधीच नसतो. पण तापलेलं आणि दाबाखाली असलेलं पोलाद स्थिर राहत नाही. ते सरकतं. वर्षाला केसाच्या जाडीएवढं ते आतून बाहेर ढकललं जातं, पाइप फुगत जातो, आणि थंड केला तरी मूळ मापावर येत नाही. आमच्या धंद्यात त्याला क्रीप म्हणतात. त्याला आवाज नाही, तडा नाही, ओल नाही. म्हणून पाइप जिथे वळतो त्या वाकाच्या दोन्ही अंगांना समोरासमोर न गंजणाऱ्या पोलादाच्या दोन गुंड्या जोडलेल्या असतात, मसुरीच्या दाण्यासारख्या गोल डोक्याच्या, आणि प्रत्येक शटडाऊनला, म्हणजे दर दोन वर्षांनी युनिट बंद ठेवतात तेव्हा, या गुंडीपासून त्या गुंडीपर्यंतचं अंतर मोजायचं असतं. एवढंच. गुंड्या स्पिरिटच्या फडक्याने पुसायच्या, बाकी त्यांना काही करायचं नाही. माझ्या अंगठ्याखालच्या गुंडीला गोल डोकं नव्हतं. ती सपाट होती, आणि तिच्यात माझ्या हेल्मेटचा पिवळा ठिपका दिसत होता.

मी थाबांगला काही सांगितलं नाही. त्याला म्हटलं, बाकीच्या तीन वाकांवरच्या गुंड्यांची उंची मोजून ये. "उंची?" तो म्हणाला, "गुंडीची? सिसी, तू दोन दिवस सुट्टी घे." पण गेला. तो परत येईपर्यंत मी या दोन्ही गुंड्यांची उंची स्वतः मोजली होती. बसवल्या तेव्हा त्या सहा मिलिमीटर होत्या, नकाशावर तसं लिहिलेलं आहे. आता एक साडेचार होती आणि दुसरी चार पॉइंट सहा. दोघींचं मिळून दोन पॉइंट नऊ मिलिमीटर पोलाद नाहीसं झालेलं होतं. म्हणजे सोळा वर्षांत वहीत जेवढी वाढ लिहिली गेली त्याच्या सात-आठ पट वाढ झाली होती, आणि ती दर वेळी कुणीतरी गुंडीच्या डोक्यावरून घासून टाकली होती. सगळं जोडलं की हा वाक आमच्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला होता. थाबांग आला. "तिन्हीकडे सहा," तो म्हणाला. "सहा, सहा, सहा. सैतानाचा आकडा. आता सांगतेस का काय झालं?" मी म्हटलं, "जेवून येते."

वसाहतीत जायला गाडीने दहा मिनिटं लागतात. सप्टेंबरात इथलं गवत जाळलेलं असतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि वर धुळीचं आभाळ. बाबा या रस्त्याने सायकलवर जायचे, मग कंपनीच्या बसने, मग शेवटची काही वर्षं माझ्या गाडीत माझ्या शेजारी बसून. मी प्रिटोरियात शिकले, तिथे नोकरीही लागली होती. बाबांची छाती बिघडली तेव्हा मा म्हणाली, "या हिवाळ्यापुरती ये." मी त्या हिवाळ्यापुरती आले आणि इथल्या वीजकेंद्रात काम धरलं. मग घराचं छत करायचं होतं. मग आत्याच्या मुलीचं लग्न होतं. मग माझं स्वतःचं लग्न ठरलं आणि हळूहळू बारगळलं, कुणीही कुणाला एक शब्द वाईट न बोलता. कुणी माझ्यावर कधी जोर केला नाही. माझ्याकडे जे मागितलं गेलं ते नेहमी नाही म्हणायला लाज वाटावी इतकं थोडं होतं. सहा वर्षांनी मी माझ्या जुन्या खोलीत झोपत होते आणि खिडकीतून शीतक मनोऱ्यांची वाफ पाहत होते, आणि आपण नेमक्या कोणत्या दिवशी परत जायचं सोडून दिलं ते मला आठवत नव्हतं. असा दिवस नव्हताच.

घरी धाकटे बाबा आलेले होते. बाबांचा हा भाऊ, आमच्यात बापाच्या भावाला धाकटा बाप म्हणतात आणि तो ते मनावर घेतो. शुक्रवारी वीजकेंद्राच्या प्रशिक्षण हॉलमध्ये कार्यक्रम ठरला होता. बाबांनी स्वतःच्या हाताने कापून बनवलेलं पोलादी गेज, मापाचा साचा, तिथे काचेच्या पेटीत ठेवायचं होतं, खाली पितळी पट्टीवर नाव: फिलेमोन म्त्स्वेनी, एक्केचाळीस वर्षं. धाकटे बाबा दोन शर्ट घेऊन उभे होते. "खेथिवे, बरं झालं आलीस. पांढरा का निळा?" मा दाराजवळच्या खालच्या स्टुलावर बसली होती. काळा झगा, काळा रुमाल, काळी शाल. वर्षभर तिने मोठ्याने बोलायचं नाही, कुणाच्या पुढून चालायचं नाही, सूर्य बुडायच्या आत घरी यायचं. हळू आवाजात ती म्हणाली, "मेलेल्याचं कौतुक आहे. तुझं लग्न नाही." "वहिनी, फोटो काढणार आहेत." "मग निळा घाल. पांढऱ्यावर ग्रेव्ही दिसते." 

मी गेज मागितलं. ते माच्या चांगल्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलेलं होतं. मी माझ्या खोलीत जाऊन त्याच्या तोंडाचं माप घेतलं. नालेच्या आकाराचं, कडा आरशासारख्या. बाबांच्या हातचं सगळंच तसं असायचं. ते बुटांना एवढी पॉलिश करायचे की रविवारी चर्चमध्ये मुलं त्यांच्या बुटांत तोंडं वेडावून पाहायची. गेजवर कोरणीने बारीक अक्षरांत लिहिलं होतं, २०२१. माप तेच होतं, वहीतल्या शेवटच्या आकड्याचं, शतांशाचाही फरक नाही. पाइप गेजसारखा निघाला होता. गेज आधी बनलं होतं.

ते कसं झालं हे मला सबंध ठाऊक होतं, फक्त मी ते कधी ओळीने मांडलं नव्हतं. बाबा ब्याऐंशी साली लागले तेव्हा त्यांच्यासारख्या माणसाला मोजायची मुभा नव्हती. शिडी धरायची, पाइपावरच्या आवरणाचा कापूस सोलायचा, दिवा दाखवायचा. गोऱ्या मोजणाऱ्याचे डोळे गेले तेव्हा आकडा बाबा वाचायचे आणि तो लिहायचा, आणि वहीत "मदतनीस" एवढाच शब्द असायचा. चौऱ्याण्णवनंतर, गोऱ्यांचं राज्य गेल्यावर, व्हिसर नावाचे इंजिनिअर आले. त्यांनी पहिल्यांदा मोजणाऱ्याच्या रकान्यात पूर्ण नाव लिहिलं, आणि त्या पानाची छायाप्रत बाबांनी घरी आणली होती. व्हिसरनी दोन हजार पाच साली आलेख काढला. सुरुवातीला हा पाइप भराभर वाढला होता, आता स्थिरावलाय, ते म्हणाले, आणि पुढच्या वीस वर्षांची सरळ रेघ पट्टीने मारली. "फिलेमोन, इथून पुढे दर वेळी अर्धा दशांश. जास्त आला तर समज मळ चढलाय." मग व्हिसर निवृत्त होऊन समुद्राकाठी गेले. रेघ वर्कशॉपच्या भिंतीवर राहिली. बाबा दर शटडाऊनच्या आधी त्या रेघेवरून पुढचं माप काढायचे आणि त्या मापाचं गेज तयार ठेवायचे. गेज गुंड्यांवरून सरकलं तर ठीक. नाही सरकलं तर मळ.

खोलीचं दार उघडं होतं. धाकटे बाबा आत आले आणि माझ्या हातातलं मापयंत्र पाहून थांबले. "त्याचं मोजतेस?" ते म्हणाले. "मोजणाऱ्याचं मोजतेस?" मग मी सांगितलं. दोन-तीन वाक्यांतच. ते बिछान्याच्या कडेवर बसले, शर्ट मांडीवर. त्यांनी मान खाली घातली आणि मला वाटलं, रडताहेत. "नवीन माणूस कोण आहे?" त्यांनी विचारलं. "थाबांग." "सोथो जमातीचा?" "त्याचा काय संबंध?" "काही नाही. नवीन माणूस आहे, हात बसलेला नाही, माप चुकलं. लिही तसं. पुढच्या खेपेला बरोबर येईल." "मी स्वतः मोजलंय, धाकटे बाबा." "तू सात आठवडे झोपलेली नाहीस. तुझाही हात चुकेल." ते हळू आवाजात बोलत होते, त्यात राग नव्हता. "मेलेल्या माणसाला प्रश्न विचारू नये, पोरी. तो उत्तर देऊ शकत नाही. आणि तुम्ही सगळे साहेब लोक त्याच्यावर ढकलून मोकळे होणार. ज्याने रेघ मारली त्याचं नाव येईल का कुठे? समुद्राकाठी मासे पकडतोय तो." ते खरं होतं. दारात मा उभी होती. कधी आली कळलं नाही. "फुटला तर?" तिने विचारलं. "वहिनी, बेचाळीस वर्षं नाही फुटला." "मी विचारलं, फुटला तर." दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "तर त्या मजल्यावर जे असतील त्यांचं काही राहणार नाही." तिने टेबलक्लॉथची घडी घातली, पुन्हा उलगडली, आणि माझ्या हातातून गेज न घेता निघून गेली. थोड्या वेळाने तिने बशीत मक्याच्या पिठाचा घट्ट पाप आणि मोरोगोची पालेभाजी वाढून आणून माझ्यासमोर ठेवली आणि ती थंड होईपर्यंत आम्ही दोघं त्या बशीकडे पाहत बसलो.

परत येताना मी गाडी जळलेल्या गवताच्या कडेला थांबवली. मला एकच गोष्ट हवी होती: त्यांना माहीत होतं की नव्हतं. नव्हतं, तर ते एका चुकीच्या रेघेवर विश्वास ठेवणारे स्वच्छतेचे वेडे गृहस्थ होते आणि मी त्यांचं नाव दुःखाने पण निर्धास्तपणे लिहू शकत होते. माहीत होतं, तर सोळा वर्षं. हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत त्यांचा अंगठा आणि तर्जनी चादरीच्या काठावर एकसारखी फिरायची. नर्स म्हणाली, सगळेच करतात असं. मी तो हात हातात धरून ठेवायची, आणि तो माझ्या तळव्यातही फिरत राहायचा.

आणि दोन हजार अकरा होतं. मी बावीस वर्षांची, शिकाऊ म्हणून आले होते, याच परांचीवर. बाबांनी खाली सगळ्यांना सांगितलं होतं, "आज माझी इंजिनिअर येणार." पाच-सहा जण उगीचच वर चढून आले होते, कुणी तळलेल्या माग्विन्यांची पिशवी घेऊन, कुणी नुसते हात पुसत. बाबांनी गेज लावलं. ते अडकलं. "मळ," ते म्हणाले आणि खिशातून एमरीच्या घासकागदाची पट्टी काढून गुंडी घासायला लागले. सावकाश, एकाच दिशेने, बुटाला करतात तसं. गेज लावायचं, घासायचं, गेज लावायचं. मला ठाऊक होतं. त्याच वर्षी मी ते शिकले होते: न गंजणाऱ्या गुंडीवर मळ चढत नाही, गेज अडकत असेल तर पाइप वाढलेला असतो. वाक्य तोंडात तयार होतं. बाबा, थांबा. पण सगळ्यांसमोर बापाला थांब म्हणणं आमच्यात होत नाही, आणि मी ज्या घरात वाढले तिथे ते होतच नव्हतं. मला वाटलं, संध्याकाळी सांगू, बसमध्ये. बाबांची पट्टी झिजली. त्यांनी न पाहता हात मागे केला, आणि मी रोलमधून नवी पट्टी फाडून त्या हातात ठेवली. तेव्हा ते वळले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, क्षणभरच. मग पुन्हा घासायला लागले. गेज सरकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी बसमध्ये मी काही बोलले नाही आणि त्यांनीही विचारलं नाही, आणि त्यानंतर सुट्टीत मी घरी आले की, आणि पुढे सहा वर्षं रोज, एकाच टेबलावर जेवताना आम्ही दोघं पाइपाबद्दल एकदाही बोललो नाही. मी ते विसरले होते असं नाही. रोज थोडं थोडं बाजूला सारत होते, आणि मला वाटत होतं की मी जागची हललेली नाही.

शटडाऊनचा प्रमुख रिआन बोथ्मा त्याच्या खोलीत उभ्यानेच फोनवर बोलत होता. रविवारी युनिट चालू व्हायचं होतं. देश पाळीपाळीने अंधारात बसत होता आणि आमच्या एका युनिटवर एक अख्खं शहर उजेडात येत होतं. त्याने फोन ठेवला. "खेथिवे, सांग की सगळं ठीक आहे. आज मला एका तरी माणसाने तसं सांगितलं पाहिजे." मी सांगितलं की ठीक नाही. त्याने आकडे पाहिले, दोनदा पाहिले. मग खुर्चीत बसला आणि नकळत अगदी धाकट्या बाबांच्या आवाजात म्हणाला, "नवीन माणूस मोजतोय ना या वेळी?" "हो." "मग मोजणाऱ्याच्या हातातला फरक. असं लिहिता येतं, त्याला रकाना आहे. पुढच्या शटडाऊनला पक्कं करू. दोन वर्षं." तो वाईट माणूस नव्हता. बाबांच्या मातीला आला होता, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे पाळी आल्यावर फावडं घेऊन खड्ड्यात माती लोटली होती, नव्या बुटांत. "गुंड्या घासलेल्या आहेत, रिआन." "त्या चकचकीत आहेत हे आम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पाहुणे आले की मीच दाखवायचो त्यांना. बघा, आमचा म्त्स्वेनी." त्याने डोळ्यांवर हात ठेवला. "शुक्रवारी काय करायचं मग? पट्टी कोरून झाली आहे."

थाबांग बाहेर पायरीवर बसून चहा पीत होता. मी काचेतून पाहिलं. चाळिशीचा माणूस, तीन मुलं, आणि हात बसलेला नाही हे वाक्य त्याच्या कागदांत एकदा गेलं की आयुष्यभर तिथेच राहिलं असतं, आमच्या घरच्या त्या छायाप्रतीसारखं. त्याने मान वर केली आणि मला हाताने विचारलं, काय? मी मान हलवली. खोली लहान नव्हती, खिडकी उघडी होती. पण ज्या बाजूला मी वळत होते तिथे कुणीतरी माझं भलं चिंतत उभं होतं आणि फार थोडं मागत होतं. एका रकान्याएवढं. दोन वर्षं. मी खुर्ची ओढली आणि लिहायला बसले, कारण उभं राहिले असते तर मी हो म्हटलं असतं.

वाक क्रमांक चारचं आवरण काढल्यावर, असं सुरू होणारं एक पान मी लिहिलं. दोन हजार पाच ते दोन हजार एकवीस या काळातली नऊ मोजमापं धरू नयेत. गुंड्या एमरीने घासल्या गेल्या आहेत. खरी वाढ मर्यादेच्या पुढे आहे. वाक कापून बदलल्याशिवाय युनिट चालू करू नये. गुंड्या अमुक रेघेवर बेतलेल्या गेजच्या मापाला घासल्या गेल्या, आणि ती रेघ कुणी मारली, कोणत्या साली, तेही लिहिलं. मग मोजणाऱ्यांचा तक्ता आला. नऊ ओळी. मी बाबांचं नाव कधी तोंडाने उच्चारलेलं नाही, बाप जिवंत असताना कुणी उच्चारत नाही. मी ते नऊ वेळा लिहिलं. चौथ्या ओळीत, दोन हजार अकराच्या, त्यांच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन मी लिहिलं: खेथिवे म्त्स्वेनी, शिकाऊ इंजिनिअर. घासताना हजर. चूक ओळखली. बोलले नाही.

रिआनने वाचलं. चौथ्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. "हे काढ. याची कुणाला गरज नाही. तुझं प्रमाणपत्र जाईल." "ते खरं आहे." "खरं खूप काही असतं." मी सही केली. त्याने कागद पालथा घातला, मग सुलटा केला, मग फोन उचलला आणि नंबर न लावता धरून ठेवला. "रविवारी अर्धा देश मला शिव्या घालेल," तो म्हणाला. "मलाही," मी म्हटलं. "नाही," तो म्हणाला, "तुझं नाव त्यांना माहीतच नसतं." मग त्याने नंबर लावला.

बाहेर थाबांग नव्हता. जिन्याच्या तोंडाशी म्बोनानी उभे होते, टर्बाइनच्या मजल्यावरचे जुने फिटर, बाबांच्या बरोबरीचे, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. आमच्या इथे बातमी जिन्यापेक्षा लवकर उतरते. "युनिट बंद पाडलंस म्हणे," ते म्हणाले. "हो, बाबा," मी म्हटलं, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. "फिलेमोनचं नाव घातलंस म्हणे." "हो. माझंही घातलंय." त्यांच्या हातात पक्कड होती, ती त्यांनी खिशात घातली. मला वाटलं आता ते बोलतील, आणि जे बोलतील ते मला पुढची सगळी वर्षं ऐकू येत राहील. "चल," ते म्हणाले.

आम्ही दोन मजले उतरून वाकाच्या बरोबर खाली आलो. मी इथे कधी आले नव्हते, माझं काम नेहमी वर असायचं. खांबांच्या मध्ये लाकडी खोकी गोल मांडून ठेवली होती, एका जाळीवर डबे ठेवायची जागा, भिंतीवर कुणीतरी खडूने फुटबॉलचा गुणफलक लिहिलेला. "आमची खाणावळ," म्बोनानी म्हणाले. "थंडीत अख्ख्या कारखान्यात एवढी ऊब कुठे नाही. वरून येते. डबा त्या जाळीवर ठेवला की दहा मिनिटांत गरम." "किती जण बसता?" "सहा. जुलैच्या कडाक्यात आठ. ढकलाढकल चालते." मी वर पाहिलं. पाइपाचं पोट, आवरण काढलेलं, राखी. "माझे बाबा यायचे?" मी विचारलं. म्बोनानींनी बुटाने मधल्या खोक्याला टोचलं. "हे त्याचं. वाकाच्या नाकाखालचं. तिथे दुसऱ्याला बसू द्यायचा नाही. आम्ही चिडवायचो, म्त्स्वेनीने सिंहासन आणलंय. एकदा मी मुद्दाम बसलो. हाताला धरून उठवलं मला. हसला नाही. सगळ्यांना म्हणायचा, तिकडे सरका, अजून सरका, भिंतीकडे. स्वतः मात्र इथे." "पहिल्यापासून?" "छे. पहिल्यांदा कुठे, तो वर्कशॉपमध्ये जेवायचा, त्याला आमचा गोंगाट आवडत नसे." ते आठवू लागले. त्यांना ते महत्त्वाचं वाटत नव्हतं, नुसतं बरोबर सांगायचं होतं. "तू शिकायला आली होतीस ना, टाळ्या वाजवल्या आम्ही, त्या वर्षी. त्याच्यानंतरच्या थंडीत पहिल्यांदा डबा घेऊन आला. मग रोज. उन्हाळ्यातही. शर्ट भिजायचा त्याचा. आम्ही म्हणायचो, फिलेमोन, वर जा, इथे शिजशील. जेवण झालं तरी बसून राहायचा, भोंगा होईपर्यंत."

वर कुठेतरी थाबांगचा आवाज आला, कुणाला तरी परांची उतरवू नका म्हणून ओरडत होता. म्बोनानींनी माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे. "आता ऊब नाही तिथे, मुली," ते म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं आणि बसले.